यादी त्यांची, नकार आपला

३१ जानेवारी २०२१ रोजी, रविवारी, जगभरच्या अनेक कार्यालयांचे मेल सर्व्हर एकाएकी येईल त्याला परत पाठवू लागले. पाठवणारी बँक असो, जुना ग्राहक असो की सरकारी खाते, सगळ्यांना निरोप एकच: तुमचा आयपी पत्ता काळ्या यादीत आहे. झाले होते ते असे. स्पॅमकॉप ही १९९८ मध्ये सुरू झालेली, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी पुरवणारी नावाजलेली सेवा. तिच्या डोमेन नावाची मुदत संपली आणि ती वाढवायची राहून गेली. मुदत संपलेल्या नावावर नोंदणी कंपन्या आपले जाहिरातीचे पान लावून ठेवतात. मग त्या नावाखाली काहीही विचारा, त्या पानाचा पत्ता उत्तर म्हणून येतो. इकडे सर्व्हरांना पढवलेले एवढेच, की यादीकडून उत्तर आले म्हणजे पाठवणारा स्पॅमवाला आणि उत्तर आले नाही म्हणजे सज्जन. त्या रविवारी उत्तर प्रत्येक प्रश्नाला येत होते.

यादीची मालकी तेव्हा सिस्कोकडे होती आणि तिला जे बोल लागायचे ते लागले. पण परत गेलेले एकही पत्र सिस्कोने परत पाठवलेले नव्हते. ते पाठवले ज्याच्या त्याच्या सर्व्हरने, आणि त्या सर्व्हरला तसे सांगून ठेवणारा माणूस त्याच कार्यालयात बसलेला होता. काळ्या यादीबद्दलचे जवळजवळ सगळे वाद या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात. यादी हे मत आहे. ते मत कुणी मागितले, किती मानले आणि त्यावरून कुणाचे पत्र नाकारले, ही सगळी जबाबदारी नाकारणाऱ्याची. या पुस्तकाची पुढची सगळी प्रकरणे या एका समजुतीवर उभी आहेत, म्हणून ती येथेच सांगून टाकली.

मुळात यादी लागते कशाला? ईमेलची रचना झाली तेव्हा तिचे वापरणारे थोडे होते आणि बरेचसे एकमेकांना ओळखून होते. कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरला पत्र देऊ शकतो, आणि पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव काय सांगावे यावर मूळ नियमांत काही बंधन नाही. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे पत्त्यांना एका दमात पाठवली. तेव्हा आरडाओरडा झाला, समज दिली गेली आणि विषय मिटला. नव्वदच्या दशकात इंटरनेट बाजारात आले आणि समज देऊन भागेनासे झाले. पाठवणाऱ्याला दहा पत्रे आणि दहा लाख पत्रे यांचा खर्च सारखाच. साठवणूक, जोडणी, माणसांचा वेळ हे सगळे घेणाऱ्याच्या खिशातून. लाखात एखादा गिऱ्हाईक फसला तरी परवडते असा हा धंदा, त्यामुळे तो लाजेने किंवा विनंतीने थांबण्यातला नव्हता.

१९९७ च्या सुमारास पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी कॅलिफोर्नियात मॅप्स नावाने जी यादी चालवली, ती या प्रकारची पहिली महत्त्वाची यादी. आरंभी ती राउटरांना दिली जाई. म्हणजे यादीतल्या पत्त्यांकडून येणारी सगळीच वाहतूक बंद, केवळ मेल नव्हे. हे फारच जहाल होते. मग तीच माहिती डीएनएसमधून विचारता येईल अशी सोय झाली आणि खरा प्रसार त्यानंतर झाला.

युक्ती साधी आहे, आणि ती नीट कळल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. समजा २०३.०.११३.२५ या पत्त्यावरून कुणी आपल्या सर्व्हरशी बोलू पाहतो आहे. आपला सर्व्हर ते आकडे उलट्या क्रमाने लावतो, पुढे यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो, की २५.११३.०.२०३ असे काही त्या यादीत आहे का. नसेल तर ‘असे नाव नाही’ हे उत्तर. असेल तर १२७.०.०.२ सारखा एक लुटुपुटीचा पत्ता मिळतो. त्यातला शेवटचा आकडा नोंदीचा प्रकार सांगतो. बरोबर एक ओळ मजकूरही मागता येतो, ज्यात कारण किंवा कारण कुठे वाचायचे ते लिहिलेले असते. सगळे काही मिलिसेकंदांत उरकते, आणि पत्राचा एकही शब्द आत येण्यापूर्वी. मजकूर वाचून स्पॅम ओळखणाऱ्या गाळण्यांना पत्र आधी उतरवून घ्यावे लागते, मग त्यावर डोके चालवावे लागते. त्या मानाने ही तपासणी जवळजवळ फुकट. मोठ्या सर्व्हरवर हा फरक थेट यंत्रांच्या संख्येत दिसतो.

या यंत्रणेचे नियम पुढे लिहून निघाले. २०१० च्या आरएफसी ५७८२ मध्ये दोन चाचण्या सांगितल्या आहेत: प्रत्येक यादीत १२७.०.०.२ ची नोंद असलीच पाहिजे आणि १२७.०.०.१ ची असताच कामा नये. पहिली नोंद सापडली नाही तर यादी मेली आहे. दुसरी सापडली तर यादी वेडी झाली आहे. दिवसातून एकदा हे दोन प्रश्न आपोआप विचारणारी चार ओळींची स्क्रिप्ट ज्यांच्या सर्व्हरवर असती, त्यांना स्पॅमकॉपच्या प्रकरणात लवकर शहाणे होता आले असते. उत्तर १२७ ने सुरू होते की नाही एवढे जरी पाहिले असते तरी भागले असते. जाहिरातीच्या पानाचा पत्ता १२७ ने सुरू होत नाही.

बरे, हा प्रकार काही पहिल्यांदा घडला नव्हता. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट ही यादी हल्ल्यांना कंटाळून बंद झाली, आणि बंद होता होता तिने सगळे जगच यादीत टाकले. ओआरडीबी डिसेंबर २००६ मध्ये रीतसर घोषणा करून बंद झाली. तरी सव्वा वर्षानंतरही असंख्य सर्व्हर तिला विचारतच होते. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला होकार द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते प्रश्न थांबले. सर्व्हर एकदा लावून दिला की पुन्हा त्याच्याकडे बघायचे नाही, ही सवय आपल्याकडेही नवी नाही. सेटिंग करून गेलेला माणूस दुसऱ्या नोकरीत, त्याने लिहिलेल्या पाच याद्यांपैकी दोन बंद, एक विकली गेलेली, आणि ‘तुमचे मेल आम्हाला येत नाहीत’ या तक्रारीचे खापर नेटवर्कवर.

आता न्यायाकडे. यादीवाल्यांच्या हातात एक विलक्षण सत्ता आली होती. ती कुणी दिली नव्हती आणि तिच्यावर कुणाचा अंकुशही नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा वर्षे या सत्तेच्या वापराची जणू प्रयोगशाळाच होती. न्यूझीलंडमधून चालणारी ऑर्ब्स ही यादी जगभरचे सर्व्हर स्वतः तपासत फिरे. कुठला सर्व्हर परक्याची पत्रे बिनतक्रार पुढे ढकलतो, म्हणजे ‘ओपन रिले’ आहे, ते शोधणे हा तिचा उद्योग. ‘आम्हाला तपासू नका’ म्हणणाऱ्यांशी तिचे खटके उडाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये ती बंद पडली. स्प्यूज तर निनावीच होती. चालवणारे कोण, तक्रार कुठे करायची, काहीच ठाऊक नाही. एका सार्वजनिक चर्चागटात जाऊन गाऱ्हाणे मांडायचे आणि कुणीतरी वाचत असेल अशी आशा करायची. स्पॅमवाला हटला नाही की ती त्याच्या शेजारचे पत्ते यादीत घाली, मग त्यांच्या शेजारचे. उद्देश उघड होता. निरपराध ग्राहकांना त्रास झाला की ते होस्टिंग कंपनीच्या मानगुटीवर बसतील आणि ती स्पॅमवाल्याला हाकलेल.

सुक्याबरोबर ओलेही जळते हे खरे, पण इथे ओले मुद्दाम जाळले जात होते.

या डावपेचाचे समर्थन करणारे मूर्ख नव्हते, हे सांगितले पाहिजे. काही होस्टिंग कंपन्या स्पॅमवाल्यांकडून चांगले पैसे घेत आणि तक्रारी कचऱ्यात टाकत. एक पत्ता अडवला की त्याला दुसरा देत. अशा वेळी एकेक पत्ता टिपत बसणे म्हणजे वरातीमागून घोडे. मॅसॅच्युसेट्समधल्या मीडिया-३ या होस्टिंग कंपनीच्या बाबतीत मॅप्सने असाच विचार केला. कंपनीच्या काही ग्राहकांच्या संकेतस्थळांवर घाऊक मेल पाठवण्याची साधने विकली जात होती. मॅप्सने त्यांच्या आसपासचे पत्तेही यादीत घातले, आणि त्यात पीसफायर सापडली. इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध काम करणारी ही संस्था. तिचा स्पॅमशी संबंध एवढाच, की भाड्याचे घर त्याच इमारतीत होते. कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी २००१ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने यादीविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम देण्यास नकार दिला. कायद्याच्या लेखी मॅप्सचे पारडे जड ठरले. पीसफायरच्या लेखी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझे मत असे की दबाव आणायचाच असेल तर तो त्या कंपनीच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवर आणावा, तिच्या भाडेकरूंवर नव्हे. कंपनीची बिले, विक्रीची पत्रे अडकू लागली की संचालकांना जी जाग येते, ती ग्राहकांच्या तक्रारींनी येत नाही. आणि भाडेकरूंना यादीत घालण्याने आणखी एक नुकसान होते, ते यादीचेच. ज्या यादीमुळे खरी पत्रे परत जातात ती यादी व्यवस्थापक चार दिवसांत काढून टाकतो, कारण साहेबांचे पत्र अडकले की कुणाचेही तत्त्वज्ञान ऐकून घेतले जात नाही. काढून टाकलेली यादी एकही स्पॅम अडवत नाही. न्याय आणि परिणाम यांची ओढाताण आहे असे लोक म्हणतात. मला तरी ती फारशी दिसलेली नाही. स्प्यूज २००६ मध्ये निपचित पडली. स्पॅमहाउस अजून आहे.

स्पॅमहाउसची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये ती सुरू केली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ई-३६० या घाऊक मेल पाठवणाऱ्या कंपनीने इलिनॉयमध्ये तिच्यावर दावा लावला. स्पॅमहाउसने आधी हजेरी लावली आणि मग ‘आम्ही ब्रिटनमधले, तुमचे न्यायालय आम्हाला लागू नाही’ म्हणून लढायचे सोडून दिले. एकतर्फी निकाल लागला: १,१७,१५,००० डॉलरची भरपाई. पुढे अपिलात रकमेचा पुरावा तपासायला सांगितले गेले, २०१० मध्ये ती २७,००२ डॉलरवर आली, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती तीन डॉलर केली. तीन मुद्दे, मुद्द्याला एक डॉलर. हल्ला न्यायालयातूनच झाला असेही नाही. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवर सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिट इतक्या वाहतुकीचा मारा झाला. तोवर जाहीर झालेल्या अशा हल्ल्यांत तो सर्वांत मोठा. चांगली यादी चालवणे हे फावल्या वेळचे समाजकार्य राहिलेले नाही.

मग चांगली यादी ओळखावी कशी? २०१२ च्या आरएफसी ६४७१ मध्ये याची बरीच शहाणपणाची चर्चा आहे. नाव कोणत्या कारणाने यादीत येते आणि कसे निघते हे उघड लिहिलेले असावे, आणि लिहिले आहे तसेच वागावे. नोंदी कायमच्या नसाव्यात, कारण आयपी पत्त्यांचे भाडेकरू बदलतात. विनंतीला वेळेत उत्तर मिळावे. आणि नाव काढण्यासाठी, किंवा लवकर काढण्यासाठी, पैसे किंवा देणगी मागू नये. मागणारी यादी वापरूच नये असा सल्ला तिथे स्पष्ट शब्दांत आहे. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नाव काढण्याचे पैसे घेणारा जितकी नावे घालेल तितकी त्याची कमाई. मग कुंपणच शेत खाते.

वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सगळ्यात जास्त घोळ याद्यांचा अर्थ न समजल्याने होतो. स्पॅमहाउसच्या याद्यांपैकी एसबीएल म्हणजे स्पॅमशी थेट संबंध असलेले पत्ते, एक्सबीएल म्हणजे व्हायरसने ताब्यात घेतलेली यंत्रे, आणि पीबीएल म्हणजे ज्या पत्त्यांवरून थेट मेल पाठवला जाणे अपेक्षितच नाही असे घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते. पीबीएलमध्ये असणे हा आरोप नव्हे. तरीही आपल्याकडे घरच्या जोडणीचा पत्ता एखाद्या तपासणी पानावर टाकून, लाल खुणा पाहून घाबरलेली आणि ‘ब्लॅकलिस्ट काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे मोजणारी माणसे भेटतात. खरे म्हणजे त्यांना काहीच करायचे नसते. त्यांचे मेल प्रोग्राम ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर पासवर्ड देऊन आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरशी बोलतात आणि पुढचे काम तो सर्व्हर करतो. अर्थात त्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाने पासवर्ड देऊन आलेल्या स्वतःच्याच माणसांवर पीबीएल लावली नसेल तर! हा प्रमाद इतका नेहमीचा आहे की त्याला एक अख्खे प्रकरण द्यावे लागले. त्याचाच भाऊ म्हणजे पत्राच्या मथळ्यातला प्रत्येक आयपी पत्ता यादीशी ताडून पाहणे. पत्र घरून निघाले हा गुन्हा धरला तर उरेल कोण?

तिसरी चूक अलीकडची. स्पॅमहाउसला गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारले तर ती १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. अर्थ, ‘अशा वाटेने विचारू नका’. हे उत्तरही १२७ ने सुरू होते. कोणत्याही उत्तराला होकार समजणारा सर्व्हर मग पुन्हा साऱ्या जगाला स्पॅमवाले ठरवतो. शेवटचा आकडा वाचा आणि स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर चालवा, एवढाच त्यावरचा उपाय.

एखाद्या यादीवर किती विसंबायचे हे ठरवायला घाई करू नये. नवी यादी आधी नुसती नोंद करण्यापुरती लावावी, काही आठवडे लॉगमध्ये पाहावे की तिने कुणाला अडवले असते. जिच्या चुका जवळजवळ शून्य, तिच्यावरून थेट नकार द्यावा. बाकीच्यांना स्पॅमअसॅसिनसारख्या प्रोग्राममध्ये थोडे थोडे गुण द्यावेत, म्हणजे एकटीच्या म्हणण्यावर कुणी अडकणार नाही. आणि नकार द्यायचा तर जोडणी चालू असतानाच, ५५० क्रमांकाच्या उत्तराने, कोणत्या यादीमुळे आणि दाद कुठे मागायची हे लिहून द्यावा. आधी पत्र घेऊन मागाहून परत पाठवले तर ते खोट्या नावाच्या भलत्याच माणसाच्या गळ्यात पडते. गुपचूप नष्ट करणे त्याहून वाईट. स्पॅम फोल्डर अनेकांना दयाळू उपाय वाटतो. मला तो भित्रा वाटतो. पाठवणारा समजतो पत्र पोचले, घेणारा समजतो आलेच नाही, आणि निविदेची तारीख निघून जाते. उघड नकार मिळालेला माणूस निदान फोन तरी करतो.

भारतातल्या पाठवणाऱ्यांना या याद्यांचा जाच जास्त झाला आहे, यात शंका नाही. २०१२ मध्ये सोफोस या कंपनीने स्पॅम पाठवणाऱ्या देशांचा क्रम लावला तेव्हा भारत पहिला आला. त्यामागे देशी स्पॅमवाल्यांचे कर्तृत्व थोडे. जुने विंडोज आणि अँटीव्हायरस नसलेली लाखो घरगुती यंत्रे दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती हे कारण मोठे. परदेशी व्यवस्थापकांनी त्यावर देशच्या देश अडवण्याचा सोपा मार्ग धरला की सांगलीच्या निर्यातदाराचे कोटेशन हॅम्बर्गला पोचत नाही. देशावरून अडवणे मी कुणालाही सुचवणार नाही. पण दुसरी बाजूही बघू. व्हिजिटिंग कार्डांवरचे, सभासद नोंदवहीतले, कुणाकडून तरी ‘घेतलेले’ हजारो पत्ते एका यादीत घालून कार्यक्रमाची निमंत्रणे, क्लासच्या जाहिराती, अंकाची वर्गणी यांचे मेल सोडणाऱ्या आपल्या संस्था कमी नाहीत. त्या जुन्या पत्त्यांत स्पॅमवाले पकडायला ठेवलेला एखादा सापळ्याचा पत्ता असतोच, आणि यादीत नाव गेले की अन्यायाची ओरड होते. संमती विचारली होती का, या प्रश्नावर शांतता. कायद्याचा धाकही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक मेलचा उल्लेख होता. ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, आणि ते योग्यच झाले. फोन आणि एसएमएसच्या जाहिरातींना ट्रायचे नियम आहेत, ईमेल स्पॅमसाठी मात्र तसा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

आयपी पत्त्यांच्या याद्या आता एकट्याने पुरत नाहीत. आयपीव्ही-६ मध्ये पत्ते इतके अफाट आहेत की स्पॅमवाला दर पत्राला नवा पत्ता वापरू शकतो, त्यामुळे नोंद गटावर करावी लागते आणि शेजाऱ्यांचा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. बरेचसे स्पॅम जीमेल, आउटलुक यांच्याच सर्व्हरवरून येते. त्यांना अडवायची कुणाची टाप आहे? म्हणून डोमेन नावांच्या याद्या आल्या, एसपीएफ आणि डीकेआयएम या ओळख पटवण्याच्या रीती आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. पण या कंपन्यांच्या आतल्या काळ्या याद्या बाहेरच्याला विचारता येत नाहीत, त्यांत नोंद का झाली याचे पुरेसे उत्तर मिळत नाही, आणि स्वतःचा छोटा सर्व्हर चालवणाऱ्याची पत्रे तिथे निमूट स्पॅम फोल्डरात जातात. स्प्यूजला निदान लोक चारचौघांत शिव्या घालू शकत होते.

पुस्तक वाचायला डीएनएस आणि मेल सर्व्हर यांची जुजबी ओळख पुरे. उदाहरणे पोस्टफिक्सची आहेत, एक्झिम वापरणाऱ्यांसाठी फरक जागोजागी दिले आहेत. पहिल्या प्रकरणाआधी आपल्या सर्व्हरचा गेल्या महिन्याचा लॉग हाताशी ठेवावा आणि त्यात कुठली यादी किती वेळा विचारली जाते हे मोजून घ्यावे. ती यादी आपण का निवडली हे सांगता येत नसेल, तर तिची ओळ तूर्त बंद करून मगच पान उलटावे.